अकरा नावं छापा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवावर अख्खं पान आलं होतं. नऊ फोटो होते, त्यातले आठ झग्यांचे. कुणी कुठल्या डिझायनरचा झगा घातला, त्याचा मागे लोळणारा घोळ किती लांब होता, हे सगळं तपशीलवार दिलं होतं. पान उलटणार तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीतली एक ओळ दिसली. '१९४६ साली चेतन आनंद यांच्या नीचा नगरने सर्व देशांना मागे टाकून कानचा सर्वोच्च पुरस्कार पटकावला.' त्या ओळीपायी हे पत्र लिहितो आहे. ती ओळ चूक आहे, आणि खरी हकीकत त्या ओळीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

मी मिरजेचा. एका टॉकीजमध्ये छत्तीस वर्षं ऑपरेटर होतो. १९६८ साली रिळं गुंडाळणारा पोऱ्या म्हणून केबिनमध्ये शिरलो, पुढे परीक्षा देऊन लायसन्स काढलं आणि टॉकीज बंद झाली त्या दिवशी शेवटचा खेळही मीच चालवला. वडील रेल्वेत, लोको शेडमध्ये इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन होते. शिक्षण अकरावीपर्यंत. फ्रेंच येत नाही, इंग्रजी वाचून समजण्यापुरतं येतं. तरीही त्या १९४६ च्या महोत्सवातले काही चित्रपट माझ्या हातून चालले आहेत. सांगलीत एक फिल्म सोसायटी होती. त्यांना प्रिंट मिळाली की रविवारी सकाळी आमच्या मालकांकडून टॉकीज भाड्याने घ्यायचे आणि मशीनवर मी असायचो. समोर चाळीस-पन्नास माणसं, बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या. सोसायटीतले एक प्राध्यापक खेळाआधी केबिनमध्ये येऊन मला गोष्ट सांगायचे. त्यांचं म्हणणं, चालवणाऱ्याला ठाऊक असायला हवं की तो काय चालवतोय. त्यांनी सांगितलेलं मी वहीत उतरवून ठेवत असे. ती वही अजून आहे, तीच समोर ठेवून लिहितो आहे.

आधी हा महोत्सव निघाला कसा ते सांगतो, कारण त्याशिवाय ४६ सालचा अर्थ लागणार नाही. त्याआधी युरोपात नाव होतं ते व्हेनिसच्या महोत्सवाचं. आपल्या प्रभातचा 'संत तुकाराम' १९३७ साली तिथेच नावाजला गेला. पण व्हेनिस मुसोलिनीच्या इटलीत, आणि सगळ्यात मोठ्या पुरस्कारालाही त्याचंच नाव. १९३८ साली तो मुसोलिनी चषक दोघांत वाटला गेला. एक वाटा जर्मनीच्या ऑलिम्पिकवरच्या चित्रपटाला, दुसरा इटलीतल्याच एका वैमानिकाच्या चित्रपटाला. वरून दडपण आल्याशिवाय असा निकाल लागत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं आणि इंग्लंड-अमेरिकेची माणसं निषेध करून निघून गेली. परीक्षकांत फ्रान्सचे फिलिप एर्लांजे होते. परतीच्या आगगाडीत बसल्या बसल्याच त्यांच्या मनात आलं, की आपल्याकडे असा महोत्सव भरवू, जिथे परीक्षकाच्या मानेवर कुणाचा हात नसेल. फ्रान्सचे शिक्षणमंत्री जां झे यांनी ती कल्पना उचलून धरली. जागा ठरली समुद्रकाठचं कान. तारीख ठरली १ सप्टेंबर १९३९. त्याच दिवशी पहाटे हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. एक अमेरिकन चित्रपट काय तो निमंत्रितांना दाखवून झाला होता, बाकी सगळं गुंडाळावं लागलं.

पुढची सात वर्षं कशी गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. जां झे यांना मात्र तो महोत्सव बघायला मिळाला नाही. जर्मनीपुढे नमलेल्या फ्रेंच सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं आणि जून १९४४ मध्ये त्या सरकारच्याच हस्तकांनी त्यांना बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. अमुक एक पुरस्कार कानचा आहे असं आपण म्हणतो, तेव्हा हा माणूस मला आठवतो. आपल्या पानावर त्यांचं नाव कुठे दिसलं नाही.

२० सप्टेंबर १९४६ ला महोत्सव एकदाचा सुरू झाला आणि ५ ऑक्टोबरपर्यंत चालला. त्या वेळी फ्रान्समध्ये पाव अजून रेशनवर होता. महोत्सवाला स्वतःची इमारत नव्हती, खेळ गावच्या म्युनिसिपल कॅसिनोत होत. आणि तिथे एक गोष्ट घडली, जी प्राध्यापकांनी मला हसत हसत सांगितली होती, पण मला काही हसू आलं नाही. हिचकॉकच्या 'नटोरियस'ची रिळं उलटसुलट लागली.

आजच्या वाचकाला यातलं दुखणं कळायचं नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. चित्रपट सलग एका तुकड्यात येत नसे. पत्र्याच्या पेटीत पाच-सात मोठी रिळं यायची, एकेक वीस मिनिटांचं. केबिनमध्ये मशीनं दोन. एकावर पहिलं रीळ चालू असताना दुसऱ्यावर दुसरं चढवून, प्रकाशासाठी कार्बन पेटवून तयार ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, की इकडचं झाकण पाडून तिकडचं उघडायचं, यालाच चेंजओव्हर म्हणतात. खाली बसलेल्या माणसाला काही कळता कामा नये. छत्तीस वर्षं मी त्या एका कोपऱ्याकडे बघत आलो आहे. आजही टीव्हीवर जुना चित्रपट लागला की सगळे नायिकेचा चेहरा बघतात आणि माझी नजर उजवीकडे वर जाते.

'नटोरियस'ची सगळी गंमत कशावर उभी आहे? तळघरातल्या दारूच्या बाटलीत दारू नसून भलतंच काहीतरी आहे, हे बघणाऱ्याला केव्हा कळतं, त्यावर. इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीत एक किल्ली असते आणि ती मूठ उघडेपर्यंत आपण श्वास रोखून असतो. क्रम चुकला तर ती किल्ली नुसतं लोखंड. हिचकॉकने महिनोन् महिने खपून विणलेलं सगळं केबिनमधल्या एका चुकीने उसवलं.

माझ्या हातूनही हे घडलं आहे. १९७६ सालची गोष्ट. गाजलेला चित्रपट, प्रिंट एकच आणि टॉकीज दोन, एक सांगलीला, एक मिरजेला. सांगलीचा खेळ पाऊण तास आधी सुरू व्हायचा. तिथलं रीळ संपलं की पोरगा ते सायकलच्या कॅरियरला बांधून दहा किलोमीटर दामटत आणायचा. त्या रात्री पाऊस होता. डब्यावरची चिठ्ठी भिजून अक्षर पसरलं होतं. मी सहावं समजून सातवं चढवलं. आधीच्या प्रसंगात नायकाचा बाप दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होता, आणि एकदम त्याच्या तेराव्याचं जेवण सुरू झालं. पब्लिक आधी गप्प बसलं, मग ओरडलं. मी मशीन थांबवून दिवे लावले. सहावं रीळ चढवायला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं केबिनच्या भोकातून खाली बघायची माझी हिंमत झाली नाही. खेळ सुटल्यावर एक म्हातारे गृहस्थ वर आले. मला वाटलं, शिव्या देणार. ते एवढंच म्हणाले, "बापाला मरताना बघायला आलो होतो. तू त्याला आधीच पोचवलास." त्यांचा स्वतःचा बाप नुकताच गेला होता का, तेही मला विचारता आलं नाही.

म्हणून कानच्या त्या ऑपरेटरबद्दल मला कळवळा आहे. देशोदेशीचे पाहुणे खाली बसलेले, नुकतंच संपलेलं युद्ध, आणि पेटीतून निघणारं प्रत्येक रीळ वेगळ्या देशाचं, वेगळ्या भाषेतल्या चिठ्ठीचं.

आता पुरस्काराकडे येतो. 'सर्व देशांना मागे टाकून' असं आपण छापलंत. त्या वर्षी कुणीच कुणाला मागे टाकलं नाही. परीक्षक मंडळात सहभागी देशांचा एकेक माणूस होता आणि त्यांनी ग्रां प्री हा सर्वोच्च पुरस्कार एका चित्रपटाला न देता अकरा देशांच्या अकरा चित्रपटांना दिला. 'नीचा नगर' त्या अकरांतला एक.

असं सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. आमच्या कट्ट्यावर मी हे वाचून दाखवलं तर एक मित्र म्हणाला, "म्हणजे प्रसादासारखा वाटला तर!" मला ते मुळीच पटलं नाही. कुणाच्या पंक्तीला आपण बसलो होतो ते बघा म्हणजे कळेल.

इटलीचा 'रोम, ओपन सिटी' होता. जर्मन फौज रोममधून जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा रोसेलिनीने त्याचं चित्रण केलं. कच्ची फिल्म मिळत नव्हती, मिळेल त्या जातीची वापरली. मी तो चालवला आहे. मशीनवर बसलेल्या माणसाला ते लगेच कळतं. एका तुकड्यात चित्राचा दाणा बारीक, दुसऱ्यात जाड. एक काळाभोर, पुढचा राखाडी. एरवी अशी प्रिंट आली असती तर मी वितरकाला फोन केला असता. पण आना मान्यानी तिच्या माणसाला घेऊन चाललेल्या ट्रकमागे हात उंचावून धावत सुटते आणि भर रस्त्यात गोळी लागून कोसळते, तेव्हा दाणा-बिणा काही सुचत नाही. मी चेंजओव्हर चुकवणार होतो, थोडक्यात वाचलो. आणि हे लक्षात घ्या, की त्या वेळी इटली हा हरलेला देश होता. त्याच्याशी शांततेचा तह व्हायचा होता, तो झाला १९४७ च्या फेब्रुवारीत. तह व्हायच्या आधी चित्रपटाला मान मिळाला. यालाच मी मोठं मन म्हणतो.

डेन्मार्कचा 'रेड मेडोज' आणि चेकोस्लोव्हाकियाचा 'मेन विदाऊट विंग्ज', दोन्ही जर्मनांविरुद्ध छुप्या लढ्यात उतरलेल्या माणसांचे. रशियाचा 'द टर्निंग पॉइंट' स्टालिनग्राडच्या लढाईवरचा. युद्धात न पडलेल्या स्वित्झर्लंडने 'द लास्ट चान्स' पाठवला होता, जीव मुठीत धरून आल्प्स ओलांडणाऱ्या निर्वासितांचा. त्यात जो तो आपापली भाषा बोलतो. स्वीडनच्या 'टॉर्मेंट'मध्ये पोरांचा छळ करणारा एक लॅटिनचा मास्तर आहे. तो चित्रपट लिहिणारा तरुण इंगमार बर्गमन. मेक्सिकोचा 'मारिया कांदेलारिया', ज्यात गावच एका गरीब बाईवर दगड घेऊन उठतं. फ्रान्सचा 'ला सिंफनी पास्तोराल' एका आंधळ्या मुलीचा. अमेरिकेचा 'द लॉस्ट वीकएंड' दारूत बुडालेल्या लेखकाचा. युद्ध जिंकलेल्या, सगळ्यात श्रीमंत देशाने आपल्या घरातली जखम उघडी करून दाखवावी याचं मला फार कौतुक वाटतं. इंग्लंडचा 'ब्रीफ एन्काउंटर'. आणि आपला 'नीचा नगर'. झाले अकरा.

'ब्रीफ एन्काउंटर' मला सगळ्यात जवळचा, कारण तो स्टेशनावरचा आहे. संसारात असलेली एक बाई आणि संसारात असलेला एक डॉक्टर. तिच्या डोळ्यात इंजिनाच्या कोळशाची कणी जाते आणि तो रुमालाच्या टोकाने काढून देतो, एवढ्यावरून सगळं सुरू होतं. पुढे होत काहीच नाही, चहाच्या स्टॉलवर बसतात आणि आपापल्या गाड्यांनी घरी जातात. युद्ध चालू असताना लंडनपासून लांब, उत्तरेकडच्या कार्नफर्थ नावाच्या स्टेशनावर रात्री-रात्री चित्रण केलं होतं. आमच्या मिरज जंक्शनवर एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते. त्या वाफेत आणि कोळशाच्या कणीत मी वाढलो. आईच्या पदराचं टोक जिभेवर ओलं करून वडिलांच्या डोळ्यातली कणी काढताना मी तिला किती वेळा बघितलं आहे. साहेबाच्या देशातल्या त्या बाईला मी परकी मानूच शकलो नाही.

अकरांत नसलेल्या एका चित्रपटाबद्दल लिहिल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. तो म्हणजे रने क्लेमां यांचा 'ला बाताय दु राय', म्हणजे रुळांवरची लढाई. त्याला परीक्षकांचा खास पुरस्कार आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार, दोन्ही मिळाले. जर्मनांच्या काळात फ्रान्सच्या रेल्वे कामगारांनी गाड्या कशा अडवल्या, वाघिणी कशा भलतीकडे धाडल्या, रूळ कसे उखडले, त्याची ही कथा. पडद्यावर बरीचशी माणसं खरीच रेल्वेतली. एक आख्खी गाडी खरोखर रुळावरून उतरवली आहे. डबे उतारावरून गडगडत जातात, सगळं शांत होतं, आणि शेवटी एक अकॉर्डियन एकटंच घरंगळत खाली येतं.

पण मला त्यातलं दुसरं आठवतं. तोडफोडीचा सूड म्हणून काही कामगारांना भिंतीकडे तोंड करून उभं करतात. एकेक गोळी झाडली जाते. शेवटचा माणूस समोरच्या भिंतीवर चालणारा कोळी बघत असतो. आणि यार्डातल्या इंजिनांच्या शिट्या सुरू होतात, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी मिसळत जाते. दुसरं काही करता येत नाही म्हणून ड्रायव्हरांनी दिलेली ती सलामी.

१९७७ साली माझे वडील निवृत्त झाले त्या संध्याकाळी शेडमधल्या इंजिनांनी त्यांच्यासाठी अशाच शिट्या दिल्या होत्या. वडील गळ्यात हार घालून उभे, काळवंडलेले हात पुढे बांधलेले, आणि त्यांना कुणाकडे बघावं कळत नव्हतं. सहा वर्षांनी एका रविवारी सकाळी मी केबिनमधून तो फ्रेंच चित्रपट चालवत होतो आणि त्याच शिट्या पडद्यातून आल्या. आवाज कमी-जास्त करायचं बटण माझ्या हाताशी होतं. मी आवाज वाढवला. तो नियमात नव्हता. त्या दिवशी वडील खाली शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांना मीच बोलावलं होतं, रेल्वेचा पिक्चर आहे म्हणून. खेळ सुटल्यावर ते म्हणाले, "ह्यांचा कोळसा चांगला होता रे. धूर बघितलास?" तेवढंच म्हणाले, आणि घरी येईपर्यंत परत बोलले नाहीत.

आता 'नीचा नगर'. मॅक्सिम गॉर्कीच्या नाटकावरून सुचलेली हयातुल्ला अन्सारींची कथा, ख्वाजा अहमद अब्बास यांची पटकथा. चेतन आनंद यांचा हा पहिलाच चित्रपट. कामिनी कौशल पहिल्यांदाच पडद्यावर आल्या त्या यातच, आणि संगीत रविशंकरांचं. गोष्ट अशी. उंचावर राहणारा धनिक, त्याला सगळे सरकार म्हणतात. त्याला खालची दलदलीची जमीन घरं बांधायला हवी आहे, म्हणून तो गटाराचा प्रवाह खालच्या वस्तीत वळवतो. वस्तीत घाण पाणी शिरतं, रोगराई पसरते. मग तोच माणूस दवाखाना उघडून धर्मात्मा व्हायला निघतो. वस्तीतले काहीजण ठरवतात, की याच्या दवाखान्याची पायरी चढायची नाही. रूपा तशीच मरते, पण जात नाही.

हा चित्रपट मात्र मी कधी चालवला नाही. चालवणार कुठून? कानला गौरव झाला तरी आपल्या देशात तो रीतसर लागलाच नाही. मी तो पाहिला २०२० च्या टाळेबंदीत, नातीने घरच्या टीव्हीवर लावून दिला तेव्हा. चित्र भुरकट, आवाजात खरखर, आणि पडद्यावर सतत पाऊस. आम्ही ऑपरेटर प्रिंटवरच्या ओरखड्यांना पाऊस म्हणतो. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेची पातळी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेली होती. माझ्या मुलीचं घर खालच्या भागात. पाणी आधी रस्त्यावरून आलं नाही. न्हाणीघरातल्या मोरीतून बुडबुडे येऊ लागले, मग काळं पाणी वर आलं आणि तासाभरात देवघराला टेकलं. ओसरल्यावर आठ दिवस आम्ही भिंती घासत होतो आणि वास जात नव्हता. 'नीचा नगर'मध्ये ते पाणी वस्तीत शिरतं, तेव्हा माझी मुलगी सोफ्यावरून उठून आत गेली. मला तर वाटतं, जगात कुठेही खालच्या आळीत राहणाऱ्याला हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही.

आणि तारखा जुळवून बघा. २ सप्टेंबर १९४६ ला दिल्लीत नेहरूंच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला आणि अठराच दिवसांनी कान सुरू झालं. पुरस्कार मिळाला तेव्हा आपण स्वतंत्र झालेलो नव्हतो. त्या अकरांत, ज्याच्यावर अजून परक्याचं राज्य होतं असा देश आपलाच. राज्य करणाऱ्या इंग्लंडचा चित्रपट आणि आपला चित्रपट एकाच यादीत, एकाच मानाने. आपल्याला त्यांना मागे टाकायची गरजच नव्हती. शेजारी बसलो, हीच त्या वर्षी केवढी मोठी गोष्ट होती! वर्षभरात फाळणी झाली आणि चित्रपटातल्या सरकारचं काम करणारे रफी पीर लाहोरचे, म्हणजे परदेशातले झाले.

पुढे त्या चित्रपटाची प्रिंटही दिसेनाशी झाली. सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांना ती कलकत्त्यात एका भंगाराच्या दुकानात सापडली आणि तिथून ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आली, असं सांगतात. भंगारात फिल्म का जाते ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जुन्या फिल्मवरचा थर धुऊन त्यातली चांदी काढतात, उरलेल्या पट्टीच्या बांगड्या नि टिकल्या होतात. आमच्या टॉकीजच्या मागच्या खोलीतून असे कितीतरी डबे किलोवर गेले. तेव्हा मी नोकर माणूस, बोलू शकलो नाही. आज ते सलतं.

मराठी वाचकांसाठी आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. १९५२ च्या कान स्पर्धेत व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी' होता. त्या वर्षीच्या स्पर्धेत इटलीचा 'उंबेर्तो डी', ऑर्सन वेल्सचा 'ऑथेल्लो' आणि आपला होनाजी बाळा. 'घनश्याम सुंदरा'चे सूर त्या समुद्रकाठी घुमले, हे आपल्या किती शाळकरी पोरांना ठाऊक आहे? आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात शांतारामांच्याच 'दो आँखें बारह हाथ'ला 'रौप्य अस्वल' हा पुरस्कार मिळाला. त्याचं मूळ आमच्याच जिल्ह्यात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला, औंध संस्थानाने कैद्यांसाठी काढलेल्या खुल्या वसाहतीत. कथा गदिमांची. आपल्या पानाला बर्लिनची आठवण झाली असती, तर वार्ताहराला मिरजेहून एसटीने जाऊन येता आलं असतं.

झग्यांवर माझा राग नाही. नात ते पान आवडीने बघत होती, बघू दे. पण नवव्या फोटोच्या जागी एखाद्या चित्रपटात काय आहे एवढं लिहिलंत, तर तिला तेही वाचता येईल. ती कॉलेजात आहे. तिने मला विचारलं, "आबा, कानला नेमकं काय दाखवतात?" पान तिच्या हातात असताना तिने हे विचारावं, याचं मला फार वाईट वाटलं.

माझी मागणी एवढीच, की दुरुस्ती छापावी. 'सर्व देशांना मागे टाकून' हे काढून 'अकरा देशांच्या अकरा चित्रपटांसह' असं करावं, आणि ती अकराही नावं त्याच चौकटीत द्यावीत. शक्य झालं तर आपल्या वर्धापनदिनी सांगलीत किंवा मिरजेत 'नीचा नगर'चा एक खेळ लावावा. संग्रहालयाकडून रिळांची प्रिंट मिळाली आणि कुठे चालू मशीन शिल्लक असेल, तर चालवायला मी येईन. मोतीबिंदू काढला आहे, ठिपका मला अजून दिसतो.

पत्र लांबलं, याची कल्पना आहे. शेवटची गाडी चुकू नये म्हणून मालक आम्हाला एखादं रीळ गाळायला सांगायचे आणि आम्ही गाळायचो, तसं आपल्यालाही कापावं लागेल. माझी सायकल कापा, मोरी कापा, अगदी वडीलही कापा. अकरा नावांतलं मात्र एकही गाळू नका.

आपला,
एक निवृत्त सिनेमा-ऑपरेटर
मिरज, जि. सांगली